मांजरवाडीच्या रणपिसे मॅडम

रणपिसे मॅडम फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नसत. "बोला, काय दिसतंय?" असं थेट विचारत. समोरचा माणूस तणतणत आलेला असे. गेम कसा भिकार आहे, कंपनी कशी चोर आहे, हे त्याला आधी सांगायचं असे. मॅडम ते सगळं ऐकून घेत आणि त्याचा दम संपला की म्हणत, "ते झालंच. पण आत्ता समोर काय दिसतंय?" मग तो बिचारा पहिल्यांदाच स्वतःच्या स्क्रीनकडे नीट बघत असे.

गेमचं नाव 'मांजरवाडी'. विश्रांतवाडीत, वर दातांचा दवाखाना आणि खाली आम्ही, अशा एका इमारतीत आमची बारा जणांची कंपनी होती. गेम ऐकायला पोरकट वाटतो. खेळणाऱ्याला सुरुवातीला दोन मांजरं मिळतात. त्यांना पिल्लं होतात, पिल्लांना आईबापांचे रंग, पट्टे, डोळे वारशानं मिळतात, पुढे त्यांना पिल्लं होतात. आपलं मांजर दुसऱ्या खेळाडूला दत्तक देता येतं, त्याचं आपल्याकडे आणता येतं. आपल्या घराण्याची वंशावळ स्क्रीनवर झाडासारखी दिसते. यात एवढं काय, असं मलाही नोकरीला लागताना वाटलं होतं. पण लोक वर्षानुवर्षं ही घराणी सांभाळत होते, पिल्लांची बारशी करत होते आणि गेम सुरू झाला नाही की घरातलं मांजर आजारी पडल्यासारखे घाबरून फोन करत होते. ते फोन मॅडम घेत.

विमल रणपिसे हे त्यांचं पूर्ण नाव. राहायला येरवड्यात. तीस वर्षं टेलिफोन खात्यात तक्रारी ऐकण्यात घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आमच्या जाहिरातीत 'ज्यांना लोकांशी बोलायला आवडतं अशांनी अर्ज करावा' असं लिहिलं होतं. मुलाखतीत आमचा मालक निनाद याने विचारलं, "तुम्हाला लोकांशी बोलायला आवडतं?" मॅडम म्हणाल्या, "आवडत नाही. येतं." निनादला त्या दिवशी हसू आलं आणि त्यानं त्यांना घेतलं. पुढे हेच उत्तर त्याला टोचायला लागलं, तो भाग वेगळा.

मी कंपनीत लागलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला असावा तेवढा माज माझ्यात होता. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'अहो' म्हटलं असेल तर ते मॅडमनी. तिसऱ्याच महिन्यात त्या वही घेऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. फुलस्केप वही, पट्टीनं आखलेली. तक्रारी नोंदवायला आमच्याकडे रीतसर सॉफ्टवेअर होतं आणि त्या तेही भरत, 'तुमच्या समाधानासाठी'. खरी नोंद वहीत.

"अहो मंदार, विश्रांतवाडीतल्याच एक बाई आहेत. त्यांचा गेम सुरूच होत नाही. काळा पडदा येतो आणि जातो."

"ग्राफिक्स कार्डचा प्रॉब्लेम असणार. ड्रायव्हर अपडेट करा म्हणावं, नाहीतर बंद करून चालू करा."

"बंद-चालू हा इलाज नाही हो, ती सवय आहे," त्या म्हणाल्या. "यांच्या कॉम्प्युटरवरच्या खात्याला मुलीनं नाव दिलंय 'आई'. देवनागरीत. काल एकांचा असाच फोन होता, त्यांचं नाव 'घर'. बाकी ज्यांची नावं इंग्रजीत आहेत त्यांचं सगळं नीट चाललंय."

मी मान खाली घालून तपासलं. खात्याच्या नावाचंच फोल्डर बनतं, आणि त्यात देवनागरी अक्षर आलं की आमचा गेम ते वाचता न येऊन मुकाट्यानं बंद पडत होता. पुण्यात बनवलेला, मराठी नावाचा, मराठी माणसांसाठीचा गेम मराठी नावाच्या फोल्डरातून चालत नव्हता, आणि तो भाग मीच नुकताच नव्यानं लिहिला होता. मॅडमच्या जागी दुसरं कोणी असतं तर आठवडाभर मला पळता भुई थोडी केली असती. त्यांनी वहीत 'कारण सापडले' एवढं लिहिलं, शेवटचा रकाना माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. त्या रकान्यावर लिहिलं होतं, 'चूक कोणाची'. ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं, हा त्यांचा नियम होता. मी 'मंदार' असं लिहिलं. छोटी चूक होती, लिहायला जड गेलं नाही.

कोणालाही 'बंद करून पुन्हा चालू करा' असं सांगायचं नाही, हे मॅडमचं व्रतच होतं. साऱ्या जगातले तक्रार ऐकणारे लोक जे वाक्य सगळ्यात आधी उच्चारतात, ते त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "बंद केलं की काय झालं होतं ते पुसलं जातं. मग आपण कशाला हात लावायचा?" असं त्यांचं म्हणणं. त्या आधी माणसाला मांजरांच्या फोल्डरची एक प्रत डेस्कटॉपवर काढून ठेवायला लावत. "आधी जीव बाजूला ठेवा, मग आजार बघू." त्यामुळे त्यांचा एकेक फोन वीस-वीस मिनिटं चाले. निनाद घड्याळाकडे बघून दात-ओठ खाई.

त्यांची दुसरी खोड म्हणजे थांबणं. एकदा कॉलेजातल्या एका मुलीचा फोन होता. "मॅम, मी काहीच नाही केलं. आपोआप क्रॅश झालं, आय स्वेअर." मॅडमनी 'बरं' म्हटलं आणि गप्प बसल्या. कानाला फोन, हातात पेन, चेहरा शांत. मी शेजारी बसून सेकंद मोजत होतो. पाऊण मिनिटानं पलीकडून बारीक आवाज आला, "म्हणजे... एक चीट डाउनलोड केलं होतं. सगळी मांजरं पांढरी होतात म्हणे." मॅडमनी ते लिहून घेतलं. ओरडल्या नाहीत, उपदेश केला नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "माणूस खोटं बोलतो ते घाईत बोलतो. आपण थांबलो की त्याला जरा जागा मिळते." ही युक्ती त्या माझ्यावरही कधीतरी वापरतील, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

या थांबण्याची सगळ्यात जास्त गरज होती ती तांबोळींना. बिबवेवाडीत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं आणि दुकान बंद झालं. त्यांच्या मुलीनं, नाझनीननं, डाव्या हाताला सवय व्हावी म्हणून त्यांना हा गेम लावून दिला. त्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसणारी एक खरीखुरी मांजर होती, राखाडी अंगाची, फक्त उजवा कान पांढरा. तशी मांजर गेममध्ये जन्माला घालायची, हा त्यांनी ध्यास घेतला होता. तीन वर्षं, नऊ पिढ्या. बाकी कोणी फोन उचलला तर तांबोळींचं वाक्य पुरं होण्याआधीच आपणच ते पुरं करून टाकी. मॅडम कधी करत नसत. एक वाक्य पुरं व्हायला मिनिट लागलं तर मिनिट. दर पिल्लाच्या जन्माची बातमी ते मॅडमना देत आणि मॅडम ती वहीत लिहून घेत. ज्या दिवशी पांढऱ्या कानाचं पिल्लू जन्मलं त्या दिवशी ते फोनवर नुसते रडले. पिल्लाचं नाव ठेवलं नूरी.

त्याच सुमारास काही जुन्या खेळाडूंच्या तक्रारी यायला लागल्या. गेम सुरू होताना मांजराचा पंजा गोल फिरतो, तो फिरतच राहतो, पुढे काही होत नाही. कारण मीच शोधलं, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. दत्तक दिलेलं मांजर परत आलं की त्याला नवा क्रमांक मिळे, आणि तो कधीकधी त्याच घराण्यातल्या जुन्या मांजराचा निघे. मग गेमच्या लेखी ते मांजर स्वतःचीच पणजी होई. सुरू होताना गेम वंशावळ वर वर शोधत जाई आणि त्या फेऱ्यात अडकून बसे. मी उपाय केला तो असा : वंशावळ फारच लांबायला लागली की सगळ्यात वरची पिढी छाटायची आणि पुढे जायचं. शिवाय गेम मध्येच अडकला तर त्यानं आपणहून बंद होऊन पुन्हा उघडायचं, अशीही सोय केली. अपडेट तयार झाला.

मॅडम वही घेऊन आल्या. "अहो मंदार, किती वेळा उघडून पाहिलंत?"

"एकदा. व्यवस्थित उघडला."

"एकदाच?"

आणि त्या थांबल्या. मला चिडायला झालं. "मॅडम, उघडला म्हणजे उघडला. पुन्हा काय उघडायचं?" मी म्हणालो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

मंगळवारी सकाळी दहाला अपडेट सगळ्यांकडे गेला. त्याच दिवशी निनाद एका परदेशी कंपनीच्या लोकांना घेऊन कोरेगाव पार्कात बैठकीला बसला होता. ते लोक आमचा गेम जगभर विकणार होते. चार वाजेपर्यंत मला फोन करायचा नाही, असं त्यानं बजावून ठेवलं होतं. अपडेटनंतर ज्यांच्या तक्रारी येतील त्या सगळ्यांना दुपारी एक वाजता एक मेल आपोआप जाणार होता : 'कृपया गेम बंद करून पुन्हा सुरू करा. अडचण कायम राहिल्यास हीच कृती तीन ते चार वेळा करा.' तो मेल निनादनं स्वतः लिहिला होता आणि तो थांबवायचा पासवर्डही त्याच्याकडेच होता.

साडेअकराला तांबोळींचा फोन आला. मॅडमनी तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला, म्हणजे लिहायला दोन्ही हात मोकळे.

"ताई... झाड... लहान झालंय."

"म्हणजे काय दिसतंय, तांबोळीभाई?"

"वर... गुलबदन होती. नाही आता."

गुलबदन म्हणजे त्यांची पहिली मांजर. ती गेममध्ये कधीच म्हातारी होऊन गेली होती. पण तांबोळी रोज गेम उघडला की आधी झाडाच्या शेंड्याला जाऊन तिचं नाव बघत. दुसरं कोणी असतं तर मेलेल्या मांजरांची नावं गेलेली त्याला महिनाभर कळली नसती.

"आता सगळ्यात वर कोण आहे?"

"शब... नम."

मॅडमनी वही चाळली, बोटानं नावं मोजली. "सकाळपासून गेम किती वेळा उघडला?"

पलीकडे तांबोळी हळूहळू मोजू लागले. मग, "सहा. अडकतो... बंद होतो... पुन्हा उघडतो."

मॅडम उठून माझ्याकडे आल्या. "अहो मंदार, सहा वेळा उघडला आणि वरच्या सहा पिढ्या गेल्या. सहाला सहा."

मला पुढचं सांगायची गरज राहिली नाही. ज्या वंशावळीत फेरा आहे ती कितीही छाटली तरी गेमच्या लेखी लांबच राहणार होती. म्हणजे प्रत्येक वेळी गेम उघडला की एक पिढी जाणार, आणि छाटलेलंच जपून ठेवलं जाणार. वरून खाली, एकेक. मी दुसऱ्यांदा उघडून पाहिला असता तर मला तेव्हाच दिसलं असतं. तांबोळींच्या नऊ पिढ्यांपैकी शेवटच्या दोनच जिवंत होत्या. सातवी, म्हणजे शबनमची, गेली की नूरीच्या आईची पाळी आणि नंतर नूरीची.

"असे किती जण?" मॅडमनी विचारलं.

मी यादी काढली. दत्तक दिलेली मांजरं परत आणलेले बासष्ट जण निघाले.

"निनादना कळवा. चूक काय आहे तेही लिहा."

मी मेसेज लिहिला. 'अपडेटमध्ये प्रॉब्लेम, अर्जंट' इथपर्यंत बोटं चालली. पुढच्या आठवड्यात मी नोकरीत कायम होणार होतो. मी पुढे लिहिलं, 'सर्व्हरचा घोळ दिसतोय.' मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी ते वाचलं. निनादनं मेसेज पाहिलाच नाही, पण मॅडमनी तो पाहिला होता आणि मला लाज वाटायला तेवढं पुरेसं होतं.

मग त्यांनी जे केलं ते करायची परवानगी त्यांना नव्हती. यादी फाडून तिचे तीन तुकडे केले, दोन तुकडे ऑफिसातल्या, गेमची चित्रं काढणाऱ्या दोघींना दिले आणि सांगितलं, "फोन लावा. गेम उघडू नका म्हणायचं. का म्हणून विचारलं तर चूक आमची आहे म्हणायचं. सर्व्हरबिर्व्हर काही सांगायचं नाही." मला म्हणाल्या, "तुम्ही दुरुस्त करायला बसा." तिसरा तुकडा त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि मोबाइलवरून फोन लावायला घेतले, पण पाचव्या फोनच्या पुढे त्या जाऊ शकल्या नाहीत, कारण तांबोळी अजून लाइनीवर होते आणि त्यांचा गेम उघडाच होता. ते घरात एकटे होते. नाझनीन शाळेत शिकवायला गेलेली, तिचा फोन बंद. कॉम्प्युटरचं बटण टेबलाखाली, तिथवर त्यांना वाकता येत नव्हतं. आणि गेम केव्हाही अडकून आपणहून पुन्हा उघडणार होता. ती सोय मीच करून ठेवली होती.

"तांबोळीभाई, हात माउसवर आहे?"

"हो."

"काढा. मांडीवर ठेवा. मी सांगेन तेव्हाच उचलायचा."

तेवढ्यात पलीकडून गेमचं सुरुवातीचं म्याँव ऐकू आलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. गेम आपणहून पुन्हा उघडला होता.

"वर कोण आहे?" मॅडमचा आवाज जराही चढला नव्हता.

"न... नूरीची आई."

सातवी पिढी गेली होती. मी कीबोर्डवर हात ठेवून नुसता बसलो होतो. दुरुस्ती लिहून व्हायला अजून दोन तास तरी हवे होते. मॅडमनी मांजरांच्या फोल्डरची प्रत काढायला सुरुवात केली, म्हणजे तांबोळींच्या डाव्या हातानं. गेमची खिडकी बारीक करायची, बंद नाही. खालच्या पट्टीतलं पिवळं चित्र शोधायचं. एकदाच दाबायचं. तुम्हाआम्हाला अर्ध्या मिनिटाचं काम. तांबोळींचं बोट थरथरे आणि एकाच्या जागी दोनदा दाबलं जाई, म्हणजे नको ते उघडे. मग मॅडम विचारत, "आता काय दिसतंय?" आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदाही 'लवकर' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. कार्यालयात कोणी पाणी प्यायलासुद्धा उठलं नाही.

बरोबर एक वाजता तांबोळी म्हणाले, "ताई... मेल आलाय. बंद करून... पुन्हा सुरू करा म्हणतात. चार वेळा."

"तो मेल ऐकायचा नाही."

"पण... तुमच्याच कंपनीचा आहे."

"म्हणूनच सांगते."

तांबोळी म्हणजे लिहिलेलं मानणारा माणूस. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधावरचा कागद, सगळं अक्षरशः पाळणारा. त्याला आता छापील शब्द आणि फोनवरचा आवाज यातलं एक निवडायचं होतं. मला वाटलं, मॅडम, आता तरी काहीतरी बोला, समजवा, ओरडा. त्या थांबल्या.

"बरं," तांबोळी म्हणाले. "हात... मांडीवर ठेवलाय."

एक वाजून सव्वीस मिनिटांनी प्रत डेस्कटॉपवर आली. तांबोळींनी फोल्डरचं नाव वाचून दाखवलं, मॅडमनी ते वहीत लिहिलं आणि तेव्हाच पलीकडून पुन्हा ते म्याँव ऐकू आलं. गेममधली नूरीची आई गेली. पण आता ती प्रतीत जिवंत होती, आणि नूरीही. चित्रं काढणाऱ्या एकीनं टाळी वाजवली. मॅडमनी तिच्याकडे बघून यादीवर बोट ठेवलं, "अजून चौतीस राहिलेत."

संध्याकाळी पाचला मी दुरुस्ती पाठवली, बारा वेळा उघडून पाहून. बासष्टपैकी चौघांची जिवंत मांजरं आम्हाला वाचवता आली नाहीत. तांबोळींच्या गेलेल्या सात पिढ्या मॅडमनी वहीतून काढून दिल्या आणि त्यातलं एकेक नाव मी आठवडाभर टाइप करून झाडावर परत चढवलं. वहीतल्या त्या दिवसाच्या नोंदीसमोर 'चूक कोणाची' हा रकाना कोरा होता. मॅडमनी वही माझ्या टेबलावर उघडी ठेवली होती, पेनासकट. मी दिवसभर ती टाळून चहाला जात राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उचलून नेली.

निनादनं मॅडमना आणि मला बोलावलं तेव्हा तो रागानं लाल झाला होता. कोणीतरी खेळाडूनं 'कंपनीनं स्वतः फोन करून चूक कबूल केली' असं कौतुकानं लिहिलं होतं आणि ते त्या परदेशी लोकांनी वाचलं होतं.

"चूक आमची आहे असं सांगायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, मॅडम?"

"कोणी नाही."

"आमची म्हणजे कोणाची?"

"ज्याची आहे त्याला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. आणि मग त्या थांबल्या.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, फोन कानाला असल्यासारख्या, शांत. ती पाऊण मिनिटाची जागा माझ्यासाठी होती. मी टेबलावरचा पेपरवेट बघत बसलो. मला आजही त्याच्यातला निळा बुडबुडा आठवतो आणि माझी मलाच शिसारी येते.

निनाद म्हणाला की महिनाअखेरीस मॅडमचा करार संपतोय आणि पुढे तक्रारींची उत्तरं मशीनच देणार आहे. मॅडम 'बरं' म्हणून उठून गेल्या. दार लागल्यावर मी निनादला सांगितलं, "चूक माझी होती." तो म्हणाला, "माहितीये रे. तुझाच कोड होता तो. सोड आता, नेक्स्ट टाइम नीट टेस्ट कर." पुढच्या आठवड्यात मी कायम झालो. खरं बोलल्याचं समाधान मी काही दिवस बाळगलंही. ते ज्या खोलीत बोललो तिथे मॅडम नव्हत्या, एवढी एक गोष्ट वगळून.

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. माझ्या टेबलाशी आल्या. "येते, मंदार. तब्येतीला जपा, जेवण वेळेवर करत जा." मग त्या जराशा थांबल्या. मी म्हणालो, "भेटू मॅडम, येरवड्याला येईन एकदा." त्यांनी मान हलवली. मी गेलो नाही. येरवडा विश्रांतवाडीच्या किती जवळ आहे हे पुण्यात कोणालाही विचारा.

आठ महिन्यांनी त्यांच्या मुलाचा मेसेज आला. हृदयविकाराचा झटका, सकाळी, चहा करताना. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. हॉलमध्ये पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्त्या. बुद्धवंदना झाली, मग टेलिफोन खात्यातली जुनी माणसं एकेक करून बोलली. मॅडमचा फोटो बहुधा ओळखपत्रावरून मोठा केलेला होता. त्यात त्या कोणाचं तरी ऐकून घेत असल्यासारख्या दिसत होत्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो.

जेवणाच्या वेळी एक मुलगी चाकाच्या खुर्चीतून वडिलांना घेऊन माझ्याजवळ आली. मी तांबोळींना पहिल्यांदाच पाहत होतो, पण त्यांनी तोंड उघडल्याबरोबर ओळखलं. मी मॅडमच्या कंपनीतला, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला.

"त्या दिवशी... चूक कोणाची होती हो? मी विचारायचो. ताई... नेहमी 'आमची' म्हणायच्या."

नाझनीन म्हणाली, "अब्बू, असू दे ना आता."

पण ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना घाई नव्हती. ते वाट बघणं ते कोणाकडून शिकले असतील ते मला कळलं.

"माझी," मी म्हणालो. "तो अपडेट मी लिहिला होता. मी एकदाच उघडून पाहिला होता."

तांबोळींनी मान डोलावली. रागावले नाहीत. माझा हात तसाच धरून त्यांनी पुढचं वाक्य जुळवायला घेतलं आणि मी ते पुरं केलं नाही, थांबलो.

"मग... ताईंना... सांगितलं होतंत ना?"

"नाही," मी म्हणालो.